आठ नंबरचा उतारा

॥ श्री ॥

उंबरदरा, ता. कळमनुरी
१८ ऑगस्ट २०२५

चि. शिवशंकर भाऊजींना मनकर्णाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय. तोवर माझं लिहिणं-वाचणं सूनबाईकडे आहे. मी बोलते आहे आणि प्रियदर्शनी लिहिते आहे, म्हणून अक्षर सुरेख दिसलं तरी मजकूर गोड असेल अशी आशा धरू नका. फोन मुद्दाम केला नाही. पंचायत समितीत पस्तीस वर्षं लोकांना गप्प बसवून बसवून तुम्हाला सवय लागली आहे, फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नव्या घरपट्टीची यादी वाचून दाखवली. गेल्या साली आपल्याला तीनशे ऐंशी रुपये होते. यंदा दोन हजार नऊशे चाळीस. ग्रामसेवकाने आकडा वाचला तेव्हा सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. मीही मागे वळून पाहिलं, म्हटलं मनकर्णा नावाची दुसरी कोणी बसली आहे की काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

बाकीच्यांचं ऐका. लालसिंगच्या मंगल कार्यालयात एका पंगतीला तीनशे पानं उठतात, त्याची नोंद काय, तर शेतमाल ठेवण्याचं शेड. आणि दगडोबाचा मेंढरांचा वाडा, ज्याला चार लाकडं आणि वर पत्रे, त्याची नोंद गोदाम. दगडोबा बिचारा उभा राहून ग्रामसेवकाला म्हणाला की साहेब, माझ्या गोदामातला माल रोज सकाळी चरायला जातो, तो कुठं लिवला ते दाखवा. लोक हसले. मला हसू आलं नाही.

हे सगळं कोणामुळे? तुमच्यामुळे. मागच्या साली सव्वीस जानेवारीला तुम्ही हिंगोलीहून इस्त्रीचा सदरा घालून आलात, पाऊण तास माईक सोडला नाही. घरपट्टी फुटावर नको, घराच्या किमतीवर लावा, म्हणजे गरिबाला न्याय मिळेल. तेव्हा मीच आधी टाळ्या वाजवल्या होत्या. आता मला सांगा, घराची किंमत कधी कळते? विकायला काढल्यावर. मी कुठे विकायला काढलंय? गावाजवळून मोठा रस्ता गेला म्हणून किंमत वाढली म्हणतात. रस्त्याने जाणारी एक मोटार तरी थांबून माझ्या हातावर रुपया ठेवते का? माझ्या सोमेश्वरच्या हळदीचा भाव निम्म्यावर आला, तेव्हा कोणी म्हणालं नाही की बाई, तुझी घरपट्टी निम्मी करतो.

तुम्ही या, आणि ही किमतीची भानगड मुळापासून रद्द करून जुना फुटाचा हिशोब परत आणा. आपल्या एकट्याच्या घराची हरकत मात्र द्यायची नाही. काढायची तर सगळ्यांचीच काढा.

घरी सगळे खुशाल. रागावले असले तरी तुमच्या पाठीचं दुखणं विसरलेली नाही, तेल लावत जा.

तुमची वहिनी,
मनकर्णा

ता. क. काका, मी प्रियदर्शनी. आई बोलल्या तसंच उतरवलं आहे. आपल्या नावाने स्वतंत्र हरकत मीच लिहून देते म्हटलं, तर आई अंगावर आल्या. स्लॅबच्या मानाने आकारणी बरोबर आहे की नाही, तेवढं तुम्ही तपासून सांगा.

---

हिंगोली
२२ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस शिवशंकरचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र पोचलं. आज पोळा. इथे कॉलनीत मातीचे बैल पुजून पोळा उरकतात, त्यामुळे गावाची आठवण आली आणि वर तुमचं पत्र आलं. दोन्ही मिळून दिवस गरम गेला. मी तुमचं वाक्य तोडतो हे खरं असेल, पण तुमचं वाक्य संपतं कुठे ते मला पंचेचाळीस वर्षांत सापडलेलं नाही.

आता मुद्द्याचं. जुन्या हिशोबात चौरस फुटाला सगळ्यांना सारखाच दर होता. म्हणजे दगडोबाच्या मातीच्या भिंतींना जो दर, तोच रस्त्यावरच्या फरशी बसवलेल्या हॉलला. हा तुम्हाला न्याय वाटत होता का? रस्ता झाला, दिवे आले, नाली बांधली. हे सगळं ज्याच्या दारात आलं, त्याच्या जागेचा भाव वाढला. त्याने जास्त द्यावं आणि त्यातून दगडोबाच्या गल्लीत पाणी जावं, यात वाईट काय आहे? किंमत विकल्यावरच कळते म्हणता, पण कर्ज काढताना, वाटणी करताना, सोयरीक जुळवताना सगळं गाव घराची किंमत लावतं. फक्त कर द्यायच्या वेळी कोणाला ती मोजायची नसते.

पद्धत चुकलेली नाही, नोंदी चुकल्या आहेत. मोजणी करायला आलेल्या पोरांनी जो जे सांगेल ते लिहून घेतलं. लालसिंगने शेड सांगितलं, लिहिलं शेड. असल्या माणसांना चव्हाट्यावर आणल्याशिवाय मी राहणार नाही. सरकारी कागदावर खोटं सांगणाऱ्याची मला भयंकर चीड आहे, तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमच्या आकड्याने मात्र मी चमकलो. पत्र्याखालच्या तीन खोल्यांना इतका कर कोणत्याही हिशोबाने बसत नाही. माझी स्वतःची नोटीस तर अजून हातातच पडलेली नाही. सोमवारी पंचवीस तारखेला मी येतो आणि ग्रामपंचायतीत बसून सगळं रजिस्टर पाहतो. हरकतीची मुदत चौदा सप्टेंबरपर्यंत आहे, घाबरू नका.

चि. सोमेश्वर आणि चि. सौ. प्रियदर्शनीला आशीर्वाद. राग उतरला की कळवा, नाही उतरला तरी कळवा.

आपला,
शिवशंकर

---

उंबरदरा
२४ ऑगस्ट

चि. भाऊजींना आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे. सूनबाई पोळ्याची दोन दिवस माहेरी पुसेगावला गेली आहे. तुमचं पत्र सोमेश्वरने वाचून दाखवलं. डोळ्याला ओळ दिसत नाही, अक्षर वरखाली झालं तर लावून वाचा. चौथीपर्यंतच शिकले, तुम्हाला माहीत आहे.

सोमवारी रजिस्टर बघायला जाऊ नका. हे पत्र पोचायच्या आत तुम्ही गेलेले असाल अशी भीती वाटते, पण लिहायला पाहिजे. तुमची नोटीस तुम्हाला येणार नाही. तुमचं स्लॅबचं घर सोमेश्वरच्या नावावर लागलं आहे. मोजणीवाल्या पोराची चूक नाही. मी सांगितलं.

सोमेश्वरसाठी पाच वर्षं मुलगी बघत होतो. एकतीस घरं झाली, मी मोजली आहेत. नोकरी नाही म्हणून अर्ध्यांनी दारातूनच वाटेला लावलं. उरलेल्यांनी विचारलं घर कसं आहे. पत्र्याचं म्हटलं की चहासुद्धा न घेता उठायचे. पोरगा निर्व्यसनी आहे, पहाटे चारला उठून हळदीला पाणी देतो, आईला शब्द उलटा बोलत नाही, याची किंमत कोणी विचारली नाही. डिसेंबरात पुसेगावचे व्यंकटराव अकरा माणसं घेऊन घर बघायला आले. मी दोन दिवस आधीच कुलूप काढून तुमचं घर धुतलं होतं, आमचं कपाट, भांडी, तुमच्या दादांचा फोटो, सगळं तुमच्या भिंतीला आणून लावलं होतं. तुम्ही पाहुण्यांना हळद दाखवायला रानात घेऊन गेला होता. व्यंकटरावांचे गुडघे दुखत होते म्हणून ते तुमच्या ओसरीवर चहा घेत बसले. तेवढ्यात मोजणीचा पोरगा टेप घेऊन दारात आला आणि त्याने विचारलं, हे घर कोणाच्या नावाने लिहू.

व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणाले, सोमेश्वरच्या नावानं लिवा. पोराने लिहिलं, दारावर नंबर ठोकला आणि गेला. पुढच्या आठ दिवसांत व्यंकटरावांनी मालकाचं नाव बघायला घराचा आठ नंबरचा उतारा मागितला. सोमेश्वरने नेऊन दिला. कागद बघूनच सुपारी फुटली.

सूनबाईला काही माहीत नाही. एप्रिलात लग्न झाल्यापासून दोघं तुमच्या घरात राहतात आणि ती समजते घर तिचंच आहे. मी पत्र्याखाली निजते, म्हाताऱ्या माणसाला तिकडेच करमतं असं तिला सांगितलं आहे. घरकुलाच्या यादीत माझं नाव होतं. ते आता कापलं, कारण स्लॅबवाल्याला घरकुल मिळत नाही. मागची भिंत पावसाने फुगून बाहेर आली आहे. सोमेश्वरने लाकडाचा टेकू दिला आहे.

मी माफी मागत नाही. तुम्हीच लिहिता की सोयरीक जुळवताना गाव घराची किंमत लावतं. मग माझ्या लेकराची किंमत कोणी लावली? बाजारात त्याचा भाव शून्य होता. तुमच्या भिंतीला टेकवला तेव्हा त्याला भाव आला. तुमचं घर वर्षातले तीनशे दिवस कुलपात होतं. त्याच्या चार भिंती एका माणसाच्या संसाराच्या कामी आल्या. त्याचा कर म्हणून दोन हजार नऊशे चाळीस मागत असतील तर दोन शेळ्या विकून भरते, दर साली भरते. पण हरकत देऊ नका. सुनावणी सगळ्या गावासमोर होते. आपल्या गावातल्या दोन मुली पुसेगावात दिल्या आहेत, संध्याकाळच्या आत व्यंकटरावांच्या घरी निरोप जाईल आणि ते पोरीला घेऊन जातील. सोमेश्वरचा संसार मोडेल.

या पत्राला उत्तर लिहू नका. स्वतः या.

मनकर्णा

---

हिंगोली
२७ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस नमस्कार.

उत्तर लिहू नका म्हणालात, पण लेखी कबुलीला तोंडी उत्तर देणारा मी माणूस नाही. आज घरी गणपती बसले. आरती होईपर्यंत कसाबसा थांबलो आणि लिहायला बसलो.

सोमवारी मी रजिस्टर पाहिलं. मालमत्ता क्रमांक दोनशे चौदा, आरसीसी, नऊशे साठ चौरस फूट, मालक सोमेश्वर. ग्रामसेवक माझ्यासमोर बोट ठेवून वाचत होता आणि नंतर मी तुमच्या दारात न येता तसाच हिंगोलीला परतलो. माझ्या निवृत्तीची अर्धी रक्कम त्या घरात आहे. सारा जन्म मी दुसऱ्यांची नावं कागदावर नीट लागतात की नाही ते पाहिलं, आणि माझंच नाव माझ्या घरावर नाही. उद्या पुण्याहून आरोहीने विचारलं की बाबा, आपलं गावचं घर कुठे गेलं, तर मुलीला मी काय सांगू? काकूने सोयरिकीला वापरलं असं सांगू?

लालसिंगवर मी किती तोंडसुख घेतलं. आता सांगा, लालसिंगमध्ये आणि तुमच्यात फरक काय? त्याने मोठी वस्तू लहान सांगितली, तुम्ही नसलेली आपली सांगितली. त्याला कर चुकवायचा होता, तुम्हाला सून आणायची होती. ज्याला जे सोयीचं ते त्याने लिहून घ्यायचं असेल तर ती यादी कशाला म्हणायची, आणि तिच्यावर कोणाला कर लावायचा? मी गावापुढे न्यायाच्या गप्पा मारल्या आणि माझ्याच घरातून त्या न्यायाला सुरुंग लागला.

आणि त्या मुलीचं काय? माझ्याच घरात चार महिने तिला मालकीण म्हणून ठेवलंत. मला वाटत होतं, लग्न झाल्यावर तुम्ही तिला खरं सांगितलं असेल. तिच्या बापाला फसवलंत, तिला फसवलंत, आणि वर मलाच सुनावता की माफी मागत नाही.

मी हरकत देणार म्हणजे देणार. तुमच्या घरकुलासाठीही तेच एक औषध आहे. सोमेश्वरचा संसार खोट्या उताऱ्यावर उभा असेल तर तो आज नाही तर उद्या मोडेलच.

मन फार दुखावलं आहे. मोठ्या आहात म्हणून पायावर डोकं ठेवतो, एवढंच.

शिवशंकर

---

उंबरदरा
३१ ऑगस्ट २०२५

ती. काकांस प्रियदर्शनीचा नमस्कार.

वि. वि. काल तुमचं पत्र आलं. आईंना दिसत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे मीच फोडलं आणि वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला आईंनी हात पुढे केला. मी कागद बाजूला धरला आणि शेवटपर्यंत वाचला, तुमच्या सहीसकट. रानातून हे आल्यावर त्यांच्यासाठी पुन्हा एकदा वाचला. मग आईंनी एकतीस घरांपासून उताऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.

आज महालक्ष्म्या घरात आल्या. मी सकाळपासून उद्याच्या पुरणाचं पाहते आहे, सवाष्णींना हळदीकुंकू देते आहे आणि मनात एकच चाललं आहे, की माझं मोल कोणी केलं. माझ्या वडिलांनी घर पाहिलं, सातबारा पाहिला, बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मी बी. एस्सी. झाले आहे, मला शेती आवडते, हे त्यांनी इथे कोणाला सांगितलं नाही आणि इथे कोणी विचारलं नाही. अकरा माणसं भिंती बघून गेली. मी त्यात नव्हते. मला विचारलं असतं तर पत्र्याच्या घरात राहणारा शेतकरी मला चालला असता की नाही, ते मी सांगितलं असतं. आता ते कोणालाच कधी कळणार नाही, मलाही नाही. याचा मला फार राग आहे.

आईंचा राग मला समजतो. त्यांना मी माफ केलेलं नाही, पण एकतीस घरांतून परत आलेल्या आईचं काय झालं असेल हे मला कळतं. ह्यांच्याशी मी सध्या बोलत नाही. त्यांनी उतारा स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता.

पण काका, तुमचा राग मला समजत नाही. घर बघून आल्यावर त्या रात्री माझे वडील जेवताना काय म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं. मुलाच्या चुलत्याने स्वतः सांगितलं की स्लॅबला एकवीस दिवस दोन्ही वेळ पाणी मारलंय, सळई बारा एमएमची आहे, घर पन्नास वर्षं हलणार नाही. तुमचं नाव मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. म्हणजे तुम्ही तिथे होता. तुमच्या भिंतीवर तुमच्या दादांचा फोटो तुम्ही पाहिला, आईंचं कपाट तुम्ही पाहिलं, आणि माझ्या वडिलांना स्लॅबची माहिती दिलीत. घर कोणाचं, हे मात्र सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तुम्ही गिळलंत, कारण ते तोंडी होतं. कागदावर आलं आणि तुमचं स्वतःचं नाव गेलं, तेव्हा तुम्हाला चीड आली.

हरकतीचा अर्ज मी लिहून सोबत ठेवला आहे. त्यावर सही तुमची लागते. सुनावणी वीस सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीपुढे आहे. मी वडिलांना फोन करून त्या दिवशी यायला सांगितलं आहे, आणि त्यांच्याकडे असलेली उताऱ्याची झेरॉक्स घेऊन यायला सांगितलं आहे. तुम्ही या आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगा की घर माझं आहे आणि त्या दिवशी मी गप्प बसलो. त्यानंतर मी कुठे राहायचं ते माझं मी ठरवीन.

आपली,
प्रियदर्शनी

---

हिंगोली
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी मी विचार केला होता की पोराचं जमतंय, आपण मध्ये कशाला पडा. दादा गेल्यावर वहिनींनी मला कधी काही मागितलं नव्हतं. असो, हे उत्तर नव्हे.

अर्ज सही करून रजिस्टर पोस्टाने ग्रामपंचायतीला पाठवला आहे, पावती जपून ठेवली आहे. पाठ फार धरली असल्याने एवढ्या प्रवासाचं जमेल असं दिसत नाही. अर्जदाराने हजर राहिलंच पाहिजे अशी सक्तीही नाही, लेखी अर्ज पुरेसा असतो. निकाल काही लागला तरी तुम्ही दोघं त्या घरातच राहा. मी भाडं मागणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग. मी काही वाईट माणूस नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
शिवशंकरकाका

---

उंबरदरा
२१ सप्टेंबर २०२५

शिवशंकर भाऊजींना मनकर्णाचे आशीर्वाद.

वि. वि. काल सुनावणी झाली. तुम्ही आला नाहीत, म्हणून काय झालं ते कळवते.

लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. व्यंकटराव पहिल्या रांगेत, उताऱ्याची झेरॉक्स चौघडी करून खिशात. ग्रामसेवकाने तुमचा अर्ज वाचला. अर्जदार हजर आहेत का, असं त्याने दोनदा विचारलं. लोकांनी माना वळवून रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हिंगोलीहून बाळापूरकडून येणारी अकराची गाडी येऊन निघूनही गेली. मग त्याने विचारलं की अर्ज ठीक आहे, पण मुळात चुकीची नोंद कोणी सांगितली. सोमेश्वर उठायला लागला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मीच उभी राहिले.

पंचेचाळीस वर्षं या गावात नांदले, पण ग्रामसभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणाले, "हे घर माझ्या दिराचं हाय. माझं पत्र्याचं हाय. पाहुण्यांसमोर मी खोटं बोलले, पोराचं लगीन जमावं म्हणून." एवढंच.

व्यंकटराव उठले. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं की बाई, तुमचे दीर त्या वेळी तिथंच होते ना. भाऊजी, मी सांगणार होते की ते रानात होते, त्यांना काही माहीत नव्हतं. शब्द जिभेवर आला होता. सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "व्हय, होते. त्यांना समदं माहीत होतं. त्यांनी बी न्हाई सांगितलं."

व्यंकटरावांनी झेरॉक्स ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवली आणि पोरीला पिशवी भरायला सांगितलं. ती तिथेच सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली की तुम्हीसुद्धा मला न विचारता भिंती बघून गेलात, आता मी कुठे जायचं ते भिंती बघून ठरवू नका. ते जेवणसुद्धा न करता पुसेगावला गेले. हे पत्र कोण लिहितंय ते अक्षरावरून तुम्हाला कळलंच असेल. ती सोमेश्वरशी अजून बोलत नाही. दिवाळीपर्यंत बघते, मग ठरवते, असं तिने मला तोंडावर सांगितलं आहे. मी बरं म्हटलं. मला दुसरं काही म्हणायचा हक्क राहिलेला नाही.

माझं झाल्यावर दगडोबा उठला, मग आणखी चौघं उठले. लालसिंग खाली बघून बसला होता. त्याच्या हॉलची आणि दगडोबाच्या वाड्याची फेरमोजणी करायचं ठरलं. रजिस्टर दुरुस्त झालं. आमच्या पत्र्याच्या तीन खोल्यांना चारशे दहा, तुमच्या स्लॅबला दोन हजार पाचशे तीस. घरकुलाचा अर्ज पुन्हा दिला आहे, नाव लागेल की नाही ते सांगता येत नाही. तुमची किमतीची पद्धत काही वाईट नाही असं सूनबाई म्हणते. मला अजून पटलेलं नाही, पण काल निदान कोणाचं काय आहे ते सगळ्यांनी खरं ऐकलं.

तुमचं घर काल दुपारीच रिकामं केलं. दादांचा फोटो आधी काढला. तुम्ही राहा म्हणालात, पण सूनबाईने भाड्याशिवाय राहायला नको म्हटलं, आणि तिने नको म्हटल्यावर मी हो म्हणणार नाही. आता तिघं पत्र्याखाली आहोत. टेकू दिलेल्या भिंतीकडे माझी खाट, कारण ती पडलीच तर पोरांवर पडू नये. बंद घराला घरपट्टीत काही सूट मिळते का, ते मी तुमच्यासाठी विचारलं. मिळत नाही.

गावात लोक विचारतात की भाऊजी का आले नाहीत. पाठीचं दुखणं सांगायला सोपं होतं. मी सांगितलं की आले नाहीत, का ते त्यांनाच विचारा.

आज सकाळच्या गाडीने मी एकटी पुसेगावला जाऊन आले. व्यंकटरावांनी मला ओसरीवर बसायला सांगितलं नाही. मी अंगणात उभी राहून चूक कबूल केली आणि परत फिरले. आता तुम्ही जाऊन या. अर्ज पाठवू नका, पावती ठेवू नका, जाऊन उभे राहा. आपल्यात माया उरली आहे की नाही, ते तुम्ही तिथून आल्यावर बघू.

मनकर्णा